विजयंताचं झाकण

बुद्धभूषण पगारे लोकांचे दात करतो. नाशिकरोडला स्टेशनमागच्या गल्लीत त्याची छोटीशी लॅब आहे. शहरातले दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचं माप तिथे पाठवतात आणि बुद्धभूषण त्यावरून कवळ्या आणि एकेकटे दात करून देतो. ज्यांचे दात तो करतो त्यांचे चेहरे त्याने सहसा पाहिलेले नसतात, पण त्यांचे जबडे त्याला बोटांनी ओळखता येतात. माप जरा सरकलेलं आलं, तर हा गृहस्थ अंदाजाने काम उरकत नाही. सरळ डॉक्टरांना फोन लावतो, "सर, माप परत घ्यावं लागेल." डॉक्टर वैतागतात, पण पुढचं कामही त्यालाच देतात.

दुपारचं जेवण झालं की तो दातांचं काम बाजूला सारतो आणि रणगाडे करतो. खऱ्या रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, तळहातावर मावतील एवढ्या. कवळीचं ॲक्रिलिक, दात सरळ करायची तार, बारीक करवती, सगळी हत्यारं हाताशीच असतात. लॅबच्या भिंतीवरच्या फळीवर असे कितीतरी रणगाडे रांगेत उभे आहेत. चाकांचा चिखल, पट्ट्यांचा गंज, दोरखंडाचे पीळ, सगळं हुबेहूब. फक्त एक गोष्ट सगळ्यांत सारखी : प्रत्येकाचं झाकण बंद.

त्याची बायको रोशनी पोस्टात आहे. ती येता-जाता चिडवायची, "अहो, तुमचे सगळे रणगाडे दार लावून बसलेत. आतले लोक गावाला गेलेत का?"

"आतलं मी पाहिलेलं नाही," बुद्धभूषण म्हणायचा. "जे पाहिलं नाही ते करायचं कसं?"

"माझ्या माहेरचे लोक लग्नाआधी कुठे पाहिले होते? तरी केलंत ना!"

तो हसून ब्रश धुवायला घ्यायचा.

मागच्या उन्हाळ्यात या फळीसमोर पुंजारामबाबा सोनवणे येऊन उभे राहिले, आणि गोष्ट सुरू झाली. बाबा सटाण्याजवळच्या एका गावचे. पंच्याहत्तरीला आलेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. नवी कवळी बोचत होती. डॉक्टरांनी दोनदा घासून दिली तरी समाधान होईना, तेव्हा "बनवणाऱ्यालाच भेटतो" म्हणून बायकोला घेऊन ते थेट लॅबवर आले. बायको यशोदाबाई स्टुलावर बसल्या. बुद्धभूषणने कवळी हातात घेऊन फिरवली आणि जिथे टोचत होतं ती कड बरोबर हेरली. तो ती घासत असताना बाबा फळीकडे पाहत होते. मग त्यांनी मधल्या रणगाड्याकडे बोट केलं.

"हा विजयंता हे."

बुद्धभूषणचं यंत्र थांबलं. आजवर लॅबमध्ये येणारा प्रत्येक माणूस सगळ्याच रणगाड्यांना 'टँक' म्हणायचा, आणि खेड्यावरून आलेल्यांना आधी पाण्याचा टँकरच आठवायचा.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"कसं म्हंजे? एकाहत्तरच्या लढाईत याच्यातच होतो मी. तोफेत गोळे भरायचं काम माझं." बाबांनी रणगाडा अलगद उचलला, वरून पाहिला, खालून पाहिला. मान डोलावली. मग अंगठ्याच्या नखाने झाकण उचकटायला गेले. "उघड ना हे."

"ते उघडत नाही, बाबा. आत काही केलेलं नाही."

"आत काहीच नाय?"

"नाही."

बाबांनी रणगाडा परत फळीवर ठेवला. "मंग हा कसला विजयंता, डॉक्टर? हा नुसता डबा हे."

"अहो, पोराचं तोंड पाहा केवढंसं झालं," यशोदाबाई म्हणाल्या. मग बुद्धभूषणकडे वळून, "तू मनाला लावून घेऊ नको, बाळा. मला तर पन्नास वर्षांत त्या डब्याचंसुद्धा दर्शन नाही. लग्न झाल्यापासून ऐकते, मी आत बसायचो, मी आत बसायचो. मला आपलं वाटायचं, बैलगाडीवर बसतात तसे वर बसत असतील. आत चार माणसं बसायची म्हणतात. चार माणसं, गोळे, तोफेचा मागचा भाग आणि यांचे हे पाय! माझा तर विश्वासच नाही."

"विश्वास नाही म्हंते! सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"सांगता काय तुम्ही? 'इथं मी, इथं तोफ' म्हणून हवेत हात फिरवता. हवेत मला काय दिसणार?"

कवळी बसली. बाबांनी दात वाजवून पाहिले आणि खूश झाले. जाताना समोरचा ड्रॉवर अर्धा उघडा दिसला म्हणून त्यांनी तो बंद केला, पण तळव्याने नाही. मूठ आवळून असा काही गुद्दा दिला की वर ठेवलेले प्लास्टरचे जबडे टणटण उडाले.

"पाहा!" यशोदाबाई दारातून म्हणाल्या. "आता चांगले हसत होते ना? कपाट असो, पेटी असो, गुद्दा मारूनच लावायची. रागच तसला. लग्न झाल्या झाल्या मी आठ दिवस घाबरून होते."

बाबा आपल्याच मुठीकडे पाहत बाहेर गेले.

बुद्धभूषणला मात्र 'डबा' हा शब्द लागला होता. त्याहून जास्त लागलं ते यशोदाबाईंचं, 'हवेत मला काय दिसणार'. हिवाळ्यात बाबांची पंच्याहत्तरी मुलं थाटात करणार होती. दुसऱ्याच दिवशी त्याने बाबांना फोन करून सांगून टाकलं, "तुमच्या पंच्याहत्तरीला विजयंता घेऊन येतो. झाकण उघडणारा. आईंना आत दाखवू."

"अंदाजानं करशील तर आणू नको," बाबा म्हणाले. "मी अंधारात हात घातला तरी चूक सापडंल मला."

"अंदाजाने नाही करणार."

बोलून बसला, आणि मग कळलं की आपण काय बोलून बसलोय.

विजयंताच्या आतला फोटो काही केल्या सापडेना. बाहेरचे हवे तेवढे होते. इंटरनेटवर त्याच्या परदेशातल्या भावंडांचे, म्हणजे त्याच घडणीच्या रणगाड्यांचे, आतले फोटो मिळाले, पण भावंडांचे जबडे सारखे नसतात हे कवळी करणाऱ्याला कोणी सांगायला नको. प्रतिकृती करणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात त्याने विचारलं. एकाने मोठ्या खात्रीने फोटो पाठवला. त्यात गोळे भरणाऱ्याची जागा तोफेच्या उजवीकडे होती. बाबा तर ठासून सांगत होते, डावीकडे. नगरच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात तो रोशनीला घेऊन गेला. तिथे रणगाडे झाडांखाली ओळीने उभे, पण सगळ्यांची झाकणं बंद.

"हे सगळे तुमच्याकडून शिकलेत," रोशनी म्हणाली.

दुसऱ्या एका गावच्या चौकात चौथऱ्यावर एक जुना विजयंता ठेवला होता. त्याच्या एका फटीतून बुद्धभूषणने काठीला बांधलेला फोन आत सारला, श्वास रोखून फोटो काढले आणि घाईघाईने पाहिले. आत साळुंकीने घर केलं होतं. पिल्लांचे फोटो फार सुरेख आले होते.

बाबांना विचारावं, तर बाबा फोनवर सांगायचे, "डाव्या हाताला गोळे. समोर हात केला की कडी. खाली वाकलं की गुडघ्याला लागतो तो दांडा." कडी कशी, गोल की चपटी, विचारलं की म्हणायचे, "हाताला माहीत हे रे. डोळ्यानं कुणी पाहिलंय? काम अंधाराचं. तू कडी आण, हात लावून सांगतो."

"फोटो नाही का एखादा, बाबा?"

"आतले फोटो काढू द्यायचे नाहीत आम्हाला. लष्कराचं काम ते."

त्याला वाटलं, संपलं. पावसाळा गेला. रणगाड्याचा बाहेरचा सांगाडा तयार होऊन पडला होता, वरचं झाकण बारीक बिजागरीवर उघडत-मिटत होतं, आणि आत नुसती पोकळी होती. रोशनी म्हणाली, "त्यांना सांगा, नाही जमलं म्हणून. माणसं समजून घेतात." तो म्हणाला, "आई समजून घेतील. पण त्यांना दिसायचं ते राहूनच जाईल ना!" मग तीही पुन्हा कधी तसं म्हणाली नाही.

दसरा आला. बुद्धभूषणच्या घरी त्या दिवशी यंत्रांची पूजा नसते. सकाळी पांढरे कपडे घालून कॉलनीतल्या विहारात वंदनेला जायचं आणि दुपारी गोडधोड जेवायचं, अशी त्याच्या आजोबांपासूनची रीत. विहारातून परतताना रस्ताभर झेंडूचे हार घातलेल्या रिक्षा, ट्रक, गिरण्या दिसत होत्या. घरी येऊन फोन उघडला तर शुभेच्छांचा पूर. त्यात एका डॉक्टरांनी दवाखान्यातल्या पूजेचा फोटो पाठवला होता. पेशंटच्या खुर्चीला हार, दात कोरायच्या यंत्राला हळदकुंकू. बुद्धभूषण तो फोटो पुढे सारणार होता, पण त्याची नजर खुर्चीच्या मागे गेली. तिथे नळ्या, वायरी, पायाने दाबायचं बटण, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या खुर्चीचा मागून फोटो एरवी कोण काढील? कोणीच नाही. यंत्राचा फोटो माणूस एकाच दिवशी काढतो.

त्याने गुलाबजामची वाटी खाली ठेवली आणि फोन लावला.

"बाबा, तुम्ही दसऱ्याला विजयंताची पूजा करायचा का?"

"हा काय प्रश्न झाला? आख्खी पलटण करायची. हार, नारळ, सगळं."

"आतसुद्धा?"

"आत तोफेला कुंकू लावल्याशिवाय पूजा व्हते काय?"

"तिचा फोटो काढला होता का कुणी?"

मग बाबांचा आवाज बदलला. "साहेबांनी काढला होता एक. लढाईच्या पुढच्या वर्षी. वरच्या झाकणातून वाकून. केरू कुंकू लावत होता त्याचा... अरे, तो पूजेचा फोटो, डॉक्टर! तू रणगाड्याचा विचारत होतास!"

"तो कुठे असेल?"

"केरूकडं दिला होता. आमचा ड्रायव्हर. तो गेला आता, पण त्याची लंकाबाई असती पंचवटीत, पोरापाशी."

जेवण तसंच टाकून बुद्धभूषण आणि रोशनी गाडीवर निघाले. पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागे लंकाबाईंची खोली सापडायला बरीच विचारपूस लागली. लंकाबाई ठेंगण्या, ठसठशीत आवाजाच्या. पुंजारामबाबांचं नाव ऐकल्यावर त्यांनी दोघांना आधी पाणी दिलं, मग आपट्याची पानं दिली, आणि मग विचारलं, "काय काम काढलं?"

"केरूबाबांचा एक पूजेचा फोटो आहे म्हणे तुमच्याकडे."

"त्यो काय." त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं.

देवांच्या शेजारी काचेच्या चौकटीत फोटो होता. कृष्णधवल, वरून खाली घेतलेला. वर पाहून हसणारा एक तरुण चेहरा, त्याच्या हातात ताट. बाकी सगळा फोटो कुंकवाखाली. वर्षानुवर्षं काचेवर हळद आणि कुंकू लागलं होतं, थरावर थर, आणि नेमकं तिथेच, जिथे केरूचं बोट तोफेला टेकलेलं होतं.

बुद्धभूषणचा हात आपोआप पुढे गेला आणि तसाच थांबला. हे काही जबड्याचं माप नव्हतं. हा एका बाईच्या नवऱ्याचा फोटो होता आणि देवही होता.

"मावशी," रोशनी म्हणाली, "यांना त्या कुंकवाच्या खाली काय आहे ते बघायचंय. यशोदाबाईंना दाखवायला. त्यांनी ती जागा कधी पाहिलीच नाही."

"यशोदीला?" लंकाबाई हसल्या. "ती माझ्या लग्नात मला म्हनली होती, तुझा नवरा त्या लोखंडी पेटीत बसतो का वर? म्हनलं, मला तरी काय म्हाईत, बाई! पन मला निदान हा फोटू मिळाला." त्यांनी चौकट खाली काढली, कपाळाला लावली. "तुमी बरोबर दिवशी आले. दसऱ्याचं कुंकू लावायचं राहिलंय अजून. आधी काच पुसून घेते, मग लावते. मधी जेवढा वेळ असंल, तेवढा तुमचा."

ओल्या फडक्याने त्यांनी काच पुसली. लाल पाणी ओघळलं, आणि खालून पन्नास वर्षं झाकलेली तोफ वर आली. तिचा मागचा भाग, सरकतं दार, कडी. कडी चपटी होती! डावीकडे उभे गोळे, खाली गुडघ्याला लागणारा दांडा, मागचा कप्पा, आणि कोपऱ्यात ताटाला आधार देणारा एक हात. मनगटावर घड्याळ उलटं, आतल्या बाजूला बांधलेलं. पुंजारामबाबा अजूनही तसंच बांधतात.

बुद्धभूषणने फोटो काढले. वरून, बाजूने, उजेडात नेऊन. शेवटचे रोशनीने काढले. लंकाबाई कुंकवाची कोयरी हातात धरून शांतपणे उभ्या होत्या. तो मागे सरला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?" आणि त्याच जागी नवं बोट टेकवलं.

नंतरचे दिवस बुद्धभूषणचे होते. तोफेचं दार कवळीच्या ॲक्रिलिकचं, कडी दातांच्या तारेची, गोळे एकेक करून कोरलेले. गाल फुगवून शीळ घालत तो काम करायचा, आणि ती शीळ लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली, असं रोशनी सगळ्यांना सांगायची. फोटोत नाही ते करायचं नाही आणि फोटोत आहे ते सोडायचं नाही, हा नियम त्याने पाळला. मागच्या कप्प्यावर एक गोलसर, शेंड्याला निमुळता भाग होता. परदेशी भावंडांच्या एकाही फोटोत तो नव्हता. 'हा आपल्याकडेच बसवलेला असणार,' असं म्हणून त्याने तो प्लास्टरमधून खास मन लावून घडवला, करडा रंग दिला आणि पक्का चिकटवला.

पंच्याहत्तरीला सटाण्याजवळच्या त्या गावी अंगणात मांडव घातला होता. ओवाळणं झालं, केक झाला, पेढे वाटून झाले. मग बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. बुद्धभूषणने टेबलावर विजयंता ठेवला आणि झाकण उघडलं. बाजूची भिंतही निघत होती, ती काढली.

बाबांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. एक उदबत्तीची काडी घेऊन ते आत फिरवत राहिले. कडी. दांडा. गोळे. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. मग काडी मागच्या कप्प्यावर थांबली.

"हाई काय शे?" बाबांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली.

बुद्धभूषण पुढे वाकला. "फोटोत आहे, बाबा. काय ते मलाही नीट कळलं नाही. पण आहे. आवाज पोचवायचं यंत्र असेल म्हणून—"

"यंत्र!" बाबांनी भिंग खाली ठेवलं. "अरे, नारळ शे तो! पूजेचा नारळ!"

मांडवात हशा पिकला. बुद्धभूषण कानापर्यंत लाल झाला. ज्याने उभ्या जन्मात अंदाजाने काही केलं नव्हतं, त्याने लष्कराच्या रणगाड्यात करड्या रंगाचा नारळ बसवला होता. रोशनी तर हसता हसता खांबाला टेकली.

"काढून टाकतो, बाबा. घरी नेऊन—"

"हात लावशील तर खबरदार!" बाबा ओरडले. "तो होताच तिथं. लोखंडावर आत फोडता येईना म्हनून ठेवला होता. नंतर केरूनं एकट्यानं खाल्ला, अन् आम्ही तिघं त्याच्याशी बोललो नव्हतो. बाकी सगळं बरोबर हे. आख्खं बरोबर." मग भिंग पुन्हा उचलून, "एवढा खरा विजयंता मी त्याच्यात बसून पन पाहिला नव्हता. याचा रंग तेवढा नारळाचा कर."

आता यशोदाबाई पुढे आल्या. पदराने चष्मा पुसला आणि वाकून पाहायला लागल्या. बाबांनी काडीने दाखवलं, "इथं मी."

"इथं? एवढ्याशात?"

"एवढ्याशात. डाव्या हातानं गोळा उचलायचा, असा फिरायचा, अन् तोफेत सारायचा. गोळा आत गेला की हे दार सणकन बंद व्हतं. बोटं उघडी राहिली तर गेलीच. म्हनून शेवटी ढकलायचं ते असं." बाबांनी हात पुढे केला. मूठ आवळलेली, अंगठा आत. हवेत गुद्दा दिला.

यशोदाबाई सरळ झाल्या. रणगाड्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं.

"थांबा. परत करा."

बाबांनी परत केलं.

"म्हणजे कपाट..." त्या म्हणाल्या. "पेटी... गोदरेजचं दार... या पोराचा ड्रॉवर..."

बाबा गोंधळले. मग त्यांनाही ते दिसलं. हात तसाच हवेत राहिला. "अगं, मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"पन्नास वर्षं मी समजत होते माझ्यावर राग आहे!"

"तुझ्यावर? कशाला?"

"ते तुम्हीच सांगा आता!" म्हणता म्हणता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, सगळ्या गावासमोर. धाकट्या सुना तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. बाबांनी मूठ सोडवून घेतली नाही.

निघायच्या वेळी यशोदाबाईंनी बुद्धभूषणला लाडवांचा डबा भरून दिला. "मोजू नको, घरी जाऊन खा. आणि हे बघ, आता मला सगळं दिसलं. कुठे बसायचे, कसे वळायचे, तुझ्या त्या यंत्रासकट सगळं."

"नारळासकट, आई."

"नारळासकट."

डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. त्यांनी ते दोनदा तळव्याने दाबून पाहिलं. मग नवऱ्याकडे एक नजर टाकली, अंगठा आत घेऊन मूठ आवळली आणि झाकणावर असा गुद्दा दिला की ते एका फटक्यात बसलं.